केळीचं सोयर

इंग्रजीत एक शब्द आहे, सकर. बागेत त्याचा अर्थ केळीच्या बुडातून निघणारं पिल, आणि बागेबाहेर अर्थ, कुणीही यावं नि टोपी घालून जावं असा भोळा माणूस. दुसरा अर्थ मला नांदेडला बी.ए. करताना डिक्शनरीत सापडला. पहिला माझ्या बापानं आधीच शिकवला होता. बाबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण अर्धापूरला एकदा शेतकऱ्यांचा मेळावा भरला, तिथं कुणा साहेबानं 'सकर, सकर' करत लांबलचक भाषण ठोकलं, आणि बाबा तो शब्द घेऊनच घरी आले. त्या दिवसापासून आमच्या बागेतली पिलं संपली आणि सकर सुरू झाली. आईला हे इंग्रजी मुळीच पसंत नव्हतं. ती पिलांना पिलंच म्हणायची आणि बाबांना साहेब.

मी मोठ्या ऐटीत बाबांना दुसरा अर्थ सांगितला. वाटलं, आता हा शब्द टाकून देतील. त्यांनी विळा बाजूला ठेवला.

"बराबर हाय की," म्हणाले. "पिल भोळंच असतंय. कुठंबी न्या, मातीत ठेवा, भरवसा ठेवून मुळ्या सोडतंय."

बाबांची बाग कशी झाली ते सांगायला हवं. तरुणपणी ते एका बड्या बागायतदाराकडे मजुरीला होते. केळीला पिलं फुटली की ती कापून टाकतात, नाहीतर मूळ झाडाचा घड बारीक राहतो. हे कापायचं काम बाबांकडे. कापलेल्या पिलांचा बांधावर ढीग लागे आणि तो वाळून जाई. बाबा त्यातली काही पिलं कापण्याऐवजी कंदासकट खणून काढत आणि मालकाला विचारून घरी आणत. मालक हसायचा, "कचरा कामून नेऊन राहिलास रे?" त्या कचऱ्याची आमच्या एवढ्याशा तुकड्यावर बाग उभी राहिली. आमच्या गावात आमच्या समाजातली ती पहिली केळीची बाग. पुढं बाजारात नवनव्या जाती आल्या, पण बाबांनी बाहेरचं बेणं कधी रानात येऊ दिलं नाही. "ह्ये माझं कूळ हाय," म्हणायचे. छप्पन सालानंतर घरातले देव गेले, पोथ्या गेल्या, नवससायास गेले. बाबांचं काही सोवळं उरलं असेल तर ते या केळीपुरतं.

माझं लग्न झालं आणि मी लातूरला आले. लातूर तेव्हा नवं नवं जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि नव्या नवरीसारखं त्याला कुठं बसावं, कसं बसावं काही कळत नव्हतं. पेंटर लोकांची चंगळ होती, कारण गावभर जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहायचं होतं. ऑफिसं भाड्याच्या जागेत. साहेब असला तर खुर्ची नसायची, खुर्ची आली की साहेबाची बदली. जो तो प्रभारी. माझा नवरा एकटा तीन टेबलांचा प्रभारी होता आणि त्याला बसायला मात्र स्टूल होतं. मला एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. सगळं होतं, पाणी तेवढं नव्हतं. नळाला तोंड होतं, वाचा नव्हती. आठवड्यातून कधीतरी टँकर यायचा, आणि तो आला की नव्या जिल्ह्याचे सगळे प्रभारी बादली घेऊन पळायचे.

आम्ही राहायचो त्या एका ओळीतल्या खोल्या एका काकूंच्या. काकू देवणीच्या. तिकडची गुरं नावाजलेली, आणि काकू भाडेकरूही गुरासारखाच पारखून घ्यायच्या, चाल बघून. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आमचं आडनाव विचारलं. सांगितल्यावर बराच वेळ सुपारी कातरत बसल्या.

"सरकारी नोकरी हाय न्हवं?" म्हणाल्या. "मग ऱ्हावा."

फक्त आमचा पाण्याचा ड्रम त्यांनी बाकीच्यांच्या ओळीत ठेवू दिला नाही. तो आमच्या दारापाशी वेगळा ठेवायला लावला. कारण काय, तर जाण्यायेण्याला अडचण होते. मी गप्प बसले. मी तशी तोंडाळ बाई. मी गप्प बसले तर समजावं की राग मुरायला घातलाय.

त्या वर्षी पाऊस तोंड दाखवून गेला. पोळ्याच्या सुमारास बाबा आले ते खांद्यावर ओलं पोतं घेऊन. पोत्यात दोन कंद.

"विहिरीचा तळ दिसून राहिलाय," म्हणाले. "बाग काही निघायची न्हाई. तुझ्याकडं नळ हाय, म्हनून बेणं तेवढं तुझ्याकडं ठिवतो."

"बाबा, नळ आहे, पाणी नाही."

"जिल्ह्याच्या गावाला पाणी नसतंय व्हय?"

सरकारवर त्यांचा एवढा विश्वास होता. मी म्हटलं ना, सकर. पण त्यांनी घराला एक चक्कर मारली, मागं आमच्या मोरीचं पाणी भिंतीबाहेर पडत होतं तिथली माती बोटांनी चुरून पाहिली आणि खूश झाले. आंघोळीचं, धुण्याभांड्याचं पाणी दिवसातून दोनदा तरी तिथं येणारच. आपल्याकडं मोरीच्या पाण्यावर अळू किंवा केळ लावतातच, त्यामुळं काकूंनीही हरकत घेतली नाही. बाबांनी दोन्ही कंद लावले आणि जाताना मला बजावलं, "घड नको मला. पिलं पाहिजेत. पुढल्या पावसाला येतो न्यायला. लोक म्हनतील कापा, पर एकबी कापू नको."

थंडीत गावाकडून निरोप आला. बाग वाळली, बाबांनी स्वतःच्या हातानं उपटून काढली. आसपासच्या बागांचीही तीच गत. त्याच महिन्यात माझ्याकडचा एक कंद कुजला. म्हणजे बाबांचं सगळं कूळ आता लातूरला, माझ्या मोरीच्या तोंडाशी, एका झाडात उरलं होतं. मी आंघोळीला बसले की नवरा बाहेरून विचारायचा, "तू आंघोळ करतेस की केळीला पाण्याची पाळी देतेस?" कॉलेजात मी शुद्ध इंग्रजी शिकवायची आणि घरी येऊन धुण्याच्या पाण्यात साबण कमी घालायची, केळीला सोसावा म्हणून.

केळ मात्र बेटी जगली. होळीपर्यंत माझ्या डोक्याच्या वर गेली आणि बुडाशी पिलंही डोकावू लागली. सगळ्या आळीत हिरवं म्हणून तेवढंच. आणि तिथंच घात झाला.

काकूंच्या अंगणातली तुळस वाळली. तुळशीला त्या रोज देवाच्या आंघोळीचं पाणी घालायच्या, पण पळीभर पाण्यावर उन्हाळा कसा निघणार? तुळस गेली आणि काकूंसमोर प्रश्न उभा राहिला. देवाचं पाणी टाकायचं कुठं? पायदळी तर येता कामा नये. दिवा लावायचा कुठं? त्यांनी अंगणभर नजर फिरवली आणि आमच्या केळीवर येऊन ती थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर केळीच्या अंगाला हळदकुंकू लागलेलं, बुडाशी उदबत्ती. नवरा म्हणाला, "चला, केळीला बढती मिळाली. आजपासून प्रभारी तुळस."

आम्ही हसलो. ते हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी आमच्या मोरीच्या तोंडाशी विटा लावल्या, वर चिखल थापला आणि पाण्याची वाट रस्त्याच्या बाजूला फिरवली.

"काकू, हे काय?"

"पूजेच्या झाडाला मोरीचं पानी? पाप लागंल, मास्तरीणबाई."

"अहो, पण ती त्याच पाण्यावर जगली!"

"तवा ती नुसती केळ व्हती."

घर त्यांचं, अंगण त्यांचं, आता झाडही त्यांच्या देवाचं. माझ्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. मोरीचं पाणी नको, की आमच्या मोरीचं नको? ड्रमचा राग मुरत पडलाच होता, त्यात ही भर. मी नवऱ्याला म्हटलं, खोली सोडू. तो म्हणाला, खोली सोडता येईल, केळ कशी नेणार? घडावर आलेलं झाड उपटलं तर पिलांसकट जाईल. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला त्याचाही राग आला.

मग माझी चोरी सुरू झाली. तांदूळ धुतलेलं पाणी पदराआड धरून केळीपाशी जायचं, पान पुसल्यासारखं करायचं आणि ओतून यायचं. काकू गुराख्याच्या नजरेच्या. एकदा त्यांनी मला धरलं. "खरकटं न्हाई न्हवं त्ये?" तांब्याभर पाण्यानं केळीचं काय होतंय? पानं कडेनं पिवळी पडली आणि खाली लोंबू लागली. वैशाखात केळ निसवली, म्हणजे तिच्या पोटातून घडाचं लाल कमळ वर आलं, पण पुरतं बाहेर पडेना. गळ्यातच अडकलं. पिलंही मलूल झाली. काकू सकाळ-संध्याकाळ तिला नमस्कार करत होत्या आणि केळ त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होती.

मी नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला आणि बाबा आले. केळीकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि तोंडावरून हात फिरवला. एवढंच. मला वाटलं होतं, मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. ते भिंतीशी उकिडवे बसले आणि त्या विटांकडे पाहत राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं, विटांचं, हळदकुंकवाचं आणि माझ्या संशयाचं. ते "हं" म्हणाले.

तेवढ्यात काकू देवाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "रामराम पाव्हणं," म्हणाल्या.

"जयभीम," बाबा म्हणाले. मग जागेवरूनच म्हणाले, "बाई, जरा थांबा. ही कवा व्याली?"

"कोन?"

"केळ वो. घड दिसून राहिलाय न्हवं?"

"झाले की चार-आठ दिस."

"मग पूजा कशी करून राहिला? सोयर न्हाई व्हय लागलं?"

काकूंचा हात तांब्यासकट हवेत थांबला. घरात मूल जन्मलं की सोयर लागतं, घरात देवपूजा होत नाही, हे आमच्या घरात मी कधी पाहिलंच नव्हतं. बाबांना ते कुठून आठवलं, देव जाणे. देव जाणे म्हणायचीही आमच्या घरी सोय नव्हती.

"झाडाला कसलं सोयर?" काकू म्हणाल्या.

"तुमच्या देवणीला गाय व्याली तर धा दिवस तिचं दूध देवाला चालतंय का?"

"न्हाई चालत."

"अन् घरातली लेक बाळंत झाली तर?"

"कसं चालंल?"

"मग ही काय परकी हाय का? कुकू लावून तुमीच हिला घरात घेतली न्हवं?"

मी दारात उभी राहून पदर तोंडात कोंबला होता.

"आता ह्या बाळंतिणीला पूजा नको," बाबा म्हणाले, आणि असे म्हणाले की जणू हयातभर सुईणीचा धंदा केलाय. "तिला पानी पाहिजे. बाळंतिणीचा मुक्काम मोरीपाशीच असतोय. त्यात कसला विटाळ?"

"सोयर किती दिस धरायचं?"

"ह्याला धा दिवसाचा हिशेब न्हाई. रोज एक फणी उलगडती. म्हंजे रोज नवं बाळंतपण. घड उतरंपर्यंत धरा."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. कमरेला पदर खोचला आणि स्वतःच्या हातानं एकेक वीट काढली. वरचा चिखल वाळून दगड झाला होता, तो फोडायला त्यांनी बाबांना हातही लावू दिला नाही. त्यांनी स्वतःच्या न्हाणीघराचं पाणीही चर खणून तिकडंच वळवलं, तेव्हा मला माझा संशय थोडा गिळावा लागला. सगळा नव्हे.

संध्याकाळी बाबांना बसस्टँडवर सोडायला गेले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. "बाबा, तुमच्या त्या सकरचा दुसरा अर्थ आज डोळ्यांनी पाहिला. काय फसवलं तुम्ही काकूंना!"

बाबा हसले नाहीत.

"माझ्या मायला विहिरीवर लांब बसावं लागायचं," म्हणाले. "कुनी वरून वतलं तर पानी. न्हाईतर दुपार व्हईपर्यंत बसून राहायची. कामून, तर विटाळ. सोयर, सुतक, विटाळ, सगळं पाठ हाय मला. त्येच दारात उभं राहून शिकलोय. आज त्येच सांगून मी पानी मागितलं." मग गाडीच्या पाटीकडे बघत म्हणाले, "जीभ उचलत नव्हती माय. पर पिलं डोळ्यापुढं आली."

गाडी आली आणि ते गेले. मी चालत घरी आले. मला फार लाज वाटली, हसल्याची.

त्यानंतर आमच्या ओळीत केळीचं बाळंतपण मोठ्या थाटात झालं. काकूंनी शब्द फिरवला म्हटल्यावर शेजारणींनाही उत्साह आला. कुणी डाळीचं पाणी आणून ओती, कुणी मुलांच्या आंघोळीचं. एका शेजारणीनं बाळंतिणीला शेपू घालू का म्हणून विचारलं, ते तिनं गंभीरपणे विचारलं होतं की कसं, हे मला अजून कळलेलं नाही. काकू केळीला हळदकुंकू लावत नव्हत्या. लांबून बघायच्या आणि फण्या मोजायच्या. गळ्यात अडकलेला घड हळूहळू खाली आला. लहानच होता, वेडावाकडा होता, पण आला. आणि बुडाशी पिलं तरारली, अरुंद तलवारीसारख्या पानांची, बाबांना हवी होती तशी.

मृगानं तोंड फिरवलं, पण आषाढात पाऊस पडला आणि नांदेडकडं विहिरींना पाझर फुटले. बाबा आले. त्यांनी घड उतरवला, खोड तोडलं आणि पिलं कंदासकट एकेक करून अशी खणून काढली की पाहणाऱ्याला वाटावं, माती जागी होईल म्हणून हा माणूस जपतोय. ओल्या पोत्यात ती मावली. बाग परत उभी राहणार होती.

काकू पायरीवर बसून सगळं बघत होत्या. पोतं बांधून झालं तशा उठल्या, आत गेल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या घरातलं. भांडं भरून त्यांनी बाबांच्या हातात दिलं. वरून ओतलं नाही, खाली ठेवलं नाही, हातात दिलं.

"घ्या पाव्हणं," म्हणाल्या. "सोयर फिटलं."

बाबांनी भांडं घेतलं, पण लगेच प्यायले नाहीत. काकू हसल्या.

"मला काय कळत न्हाई व्हय, झाडाला सोयर नसतंय त्ये? दिसत व्हतं मला, केळ मरून राहिली. पर मीच विटा लावलेल्या. आता काढू कशा? चार बाया बघून राहिल्या. तुमी सोयर काढलं अन् मला वाट गावली. न्हाईतर मी नमस्कार करत करत मारलं असतं तिला."

बाबा पाणी प्यायले. एका दमात, भांडं रिकामं करून. मग त्यांनी पोतं पुन्हा सोडलं, आतलं सगळ्यांत चांगलं पिल काढलं आणि काकूंसमोर धरलं. काकूंनी ते पदरात घेतलं, ओटी घ्यावी तसं. त्या दोघांत कोण कुणाला फसवत होतं, हे डिक्शनरी घेऊन बसले तरी मला सांगता आलं नसतं. फसले होते ते माझ्यासारखे, दारात उभे राहून हसणारे.

दुसऱ्या दिवशी माझा ड्रम बाकीच्या ड्रमांच्या ओळीत होता. तो कुणी हलवला हे मी विचारलं नाही. काकू मागच्या बाजूला वाकून नव्या पिलाभोवती आळं करत होत्या. मोरीचा चर त्यांनी थेट त्याच्या बुडाशी आणून सोडला होता. मी हळदीकुंकवाची कोयरी दिसते का म्हणून बघितलं. कुठंच नव्हती.

"पूजा नाही का, काकू?" मी विचारलं.

"न्हाई बाई," त्या मातीचा हात झटकत म्हणाल्या. "ह्याला मी देव करायची न्हाई. जगू दे त्याला."